लग्नाची मुंडकी

श्रावण जवळ आला की आमच्या पेणच्या घरासमोर पोती येऊन पडायला लागतात. कोणी टेम्पोतून आणतं, कोणी रिक्षात मांडीवर घेऊन येतं. पोत्याचं तोंड सोडलं की आत गेल्या वर्षीची माणसं असतात. वीतभर उंचीची, प्लॅस्टरची, एकमेकांच्या अंगावर रचलेली. कुणाचा हात मोडलेला, कुणाच्या धोतराचा रंग उडालेला. आणणारा म्हणतो, "ताई, धडं हायत तशीच ठेवा, मुंडकी तेवढी बदलून द्या." मी हो म्हणते, पोतं आत ओढते आणि पुढचा अर्धा दिवस कोणाशी धड बोलत नाही.

मला हा हंगाम आवडत नाही. पेणमध्ये राहून असं बोलायची सोय नाही, हे मला माहीत आहे. या दिवसांत आमचं अख्खं गाव गणपतीच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेलं असतं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी भक्ती, कला, परंपरा असे शब्द असतात. परवा कॅमेरा गळ्यात अडकवून एक मुलगी आली होती. म्हणाली, "हे काम करताना किती प्रसन्न वाटत असेल ना?" मी तिच्या हातात एक बिनडोक्याची विहीणबाई दिली आणि म्हटलं, "धर, हिची मान घासून दे." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

आमच्या घरात गणपतीच्या मूर्ती कधीच झाल्या नाहीत. आम्ही केली ती गणपतीच्या पुढ्यातली माणसं. मंडळं देखावे करतात ना, त्यातली. मावळे, कुंभार, पालखीचे भोई, शाळेतली पोरं, लग्नातले वऱ्हाडी. गणपतीला सगळे हात जोडतात आणि आमच्या माणसांकडे बोट दाखवून हसतात. आम्हीही त्यांना पुतळे वगैरे म्हणत नसू. "किती माणसं झाली?" "आज चार माणसं सुकली नाहीत." घरात असंच बोलणं चाले. नव्या माणसाला ते ऐकून धक्का बसायचा.

या माणसांची मेख अशी की धड वेगळं ओतायचं आणि मुंडकं वेगळं. धडाच्या मानेत भोक ठेवायचं, मुंडक्याखाली तार सोडायची. जोडताना भोकात पिंजलेला काथ्या आणि पातळ प्लॅस्टर भरायचं, तार खाली दाबायची आणि प्लॅस्टर घट्ट व्हायच्या आत मुंडकं फिरवून नजर ठरवायची. तो काय तो अवधी. मान जरा इकडे फिरली तर माणूस लाजतो, जरा तिकडे फिरली तर लबाड दिसतो. आणि एकदा घट्ट झालं की झालं. वर्षभराने मंडळाने माणसं परत आणली की मान कापायची, नवं मुंडकं बसवायचं. गुडघे टेकलेला मावळा पागोटं घालून कुंभार होतो. त्याचं त्याला काही वाटत नाही.

आजोबांनी दोघा मुलांना दोन पाटांवर बसवलं होतं. मोठा मुलगा, म्हणजे माझे काका, मुंडकी करायचे. धाकटा, म्हणजे माझे बाबा, धडं. असं का, ते आजोबांनी कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. परिणाम असा झाला की काकांना नाक, भुवई, ओठाची मुरड डोळे मिटून जमायची, पण हाताचा कोपर काढायला सांगितलं की तो दोडक्यासारखा व्हायचा. बाबांच्या हातून पाठीला पोक आलेला म्हातारा असा उतरायचा की त्याला टेकायला काठी द्यावीशी वाटे. पण त्यांनी चेहरा केला की तो बटाटा. दोन अर्धे कारागीर. एकमेकांशिवाय दोघेही कुचकामी, आणि दोघांनाही स्वतःबद्दल भलतीच खात्री.

या घरात मला वाढवलं ते काकूने. माझी आई मी चालायला लागायच्या आत गेली. काकूला मूलबाळ नव्हतं. तिने मला आंघोळ घातली, माझ्या वेण्या घातल्या, मला मारलंसुद्धा, आणि तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं. मी तिला काकूच म्हणत असे, पण शाळेच्या दाखल्यासाठी आईचं नाव विचारलं तेव्हा पहिल्यांदा तिचंच नाव तोंडात आलं होतं. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं भांडण कशावरूनही झालेलं असो, माझं नुकसान काय झालं ते वाचणाऱ्याला कळायला हवं.

भांडण पाटीवरून झालं. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. कारखान्याला नवी पाटी करून आणली, तिच्यावर काकांचं नाव ठळक आणि खाली बारीक अक्षरांत 'आणि बंधू'. बाबा म्हणाले, "बंधूला नाव नाय काय?" काका म्हणाले, "पाटी पुरली नाय." एवढंच. पण माणसांना भांडायचं असलं की पाटी पुरते. महिनाभरात कोणी काय खाल्लं आणि कोणी कोणाच्या लग्नात काय बोललं इथपर्यंत गाडी गेली आणि मग वाटणी निघाली.

अंगणात सगळे साचे मांडले होते. आत्याचे यजमान पंच म्हणून खुर्चीवर बसले होते. त्यांनी सरळ सांगितलं, जोड्या करा. निम्म्या माणसांची धडं आणि त्यांचीच मुंडकी एकाकडे, निम्मी दुसऱ्याकडे. दोघांचंही चालेल. शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट होती.

बाबा म्हणाले, "धडं मी केलीत. एकपण सोडणार नाय."

काका म्हणाले, "मग मुंडक्याला हात लावून दाखव."

आणि त्या दोन शहाण्यांनी तशी वाटणी केली. एकाने सगळी धडं घेतली, एकाने सगळी मुंडकी. पंच डोक्याला हात लावून चहा न पिता उठून गेले. दोघांच्याही मनात एकच होतं, गोकुळाष्टमीच्या आत हा नाक मुठीत धरून माझ्या दारात येतो की नाही बघा. काकांनी मुंडक्यांचे साचे टेम्पोत भरले आणि ते रोह्याला गेले, काकूच्या माहेरच्या बाजूला, नदीच्या अंगाला एक खोली घेऊन. टेम्पोत पुढे जागा नव्हती म्हणून काकू मागे साच्यांमध्ये बसली. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग टेम्पोची फळी लावली गेली. त्या दिवशी बाबांनी मला सांगितलं, "त्या घराशी आपला संबंध संपला. तुला जायचं असेल तर तिकडंच राहा." मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला नापास होऊन घरी बसले होते. जायचं म्हटलं तरी कोणत्या तोंडाने आणि कोणाच्या घरात, तेच मला कळत नव्हतं.

मला काकू परत हवी होती. आणि माझ्या डोक्यात हिशेब पक्का होता: काकांची मुंडकी बाबांच्या धडांवर पुन्हा बसली की ती टेम्पोतून गेली तशी परत येईल. दुसरा रस्ता मला दिसत नव्हता.

त्या वर्षीचा हंगाम उजाडला तो असा. वडखळच्या पुढच्या एका गावातल्या मंडळाने लग्नाचा देखावा सांगितला. मांडव, पंगत, नवरानवरी, रुसलेल्या विहिणी, वाजंत्री, सगळं. बाबांनी छाती काढून हो म्हटलं आणि धडं ओतायला घेतली. सुंदर झाली होती धडं, ते नाकारत नाही. पंगतीत वाकून वाढणाऱ्या बाईच्या कमरेला एक असा बाक होता की बघणाऱ्याची कंबर दुखावी. पण कोणालाच डोकं नाही. पडवीत फळीवर ओळीने बिनडोक्याचं वऱ्हाड उभं होतं आणि बाहेर पाऊस कोसळत होता. येणाराजाणारा विचारायचा, "लग्न लागलं काय?" बाबा दात ओठ खायचे.

त्यांनी आधी बाजारातली तयार मुंडकी आणली. ती बसवल्यावर वऱ्हाडी सगळे मोठ्या डोक्याच्या तान्ह्या पोरांसारखे दिसायला लागले. मग स्वतः करून बघितली. नवरदेवाचा बटाटा झाला, नवरीचा जरा लहान बटाटा. त्यांनी ते भिंतीवर फेकून फोडले आणि मला म्हणाले, "बघतेस काय? तू कर." जणू मी नापास झाले ते मुंडकी करता यावीत म्हणूनच.

मी केली नाहीत. मी सरळ स्टेशनवर गेले आणि रोह्याची पॅसेंजर धरली. कासूच्या पुढे दोन्ही बाजूंना भातशेतं पाण्याने भरलेली होती. डब्यात कोणीतरी सुकटीची टोपली ठेवली होती. मी सगळी वाट मनातल्या मनात काकांशी भांडत गेले. त्यांच्या प्रत्येक बोलण्याला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

काकांची खोली बघितली आणि सगळी तयारी विसरले. केळीच्या खुंटांत काड्या खोचून त्यांवर मुंडकी सुकत ठेवली होती. म्हातारी, तरणी, दाढीवाली, हसणारी, ओठ मुडपलेली. एकाहून एक सरस. आणि बाजूच्या फळीवर त्यांची तयार माणसं होती. काकांना धडं येत नव्हती, म्हणून त्यांनी जत्रेत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाहुल्या आणून त्यांची डोकी कापली होती आणि त्यांवर आपली मुंडकी बसवली होती. गुलाबी फ्रॉक, गुबगुबीत पाय आणि वर पिळदार मिशांचा, कपाळाला गंध लावलेला मावळा. तसे सात-आठ मावळे ओळीने उभे. मला हसू फुटलं आणि ते काकांनी बघितलं.

"काय गो, बापानं पाठवली?"

"नाय. मी माझी आलेय. लग्नाची मुंडकी हवीत."

"मग बापाला सांग, स्वतः ये. दारात उभा रहा नि माग. मी मोठा हाय."

"आणि तुम्ही पेणला येऊन धडं मागा की. हे फ्रॉक घातलेले मावळे कोण घेणारेय तुमच्याकडून?"

"तोंड बघा पोरीचं! बापाचंच तोंड हाय."

"तोंडं तुमच्याकडे असतात काका. बापाकडे नुसतं धड आहे."

काकू आत चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही. काकांनी दार उघडं केलं आणि मला वाट दाखवली. पाणीसुद्धा विचारलं नाही. मी रस्त्याला लागले तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि डोळेही भरून आले होते, त्याचाही राग येत होता.

स्टेशनच्या बाकावर बसले होते तेव्हा काकू आली. डोक्यावर पावसाचं इरलं, पदराखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डबा माझ्या मांडीवर ठेवला. लुगड्याच्या चिंध्यांत एकेक मुंडकं गुंडाळलं होतं. नवरानवरी, विहिणी, भटजी, वाजंत्री. देखाव्यातलं एकही माणूस राहिलं नव्हतं.

"त्यांना ठाऊक नाय," काकू म्हणाली. "तू पण बोलू नको. तुझ्या बापालापण सांगू नको कुठून आणली ती."

"त्यांना बघितल्यावर कळेलच."

"कळू दे. पण तू सांगू नको." मग माझी वेणी हातात धरून म्हणाली, "तेल लावत नाय काय गो? कसे झालेत केस."

गाडी आली. ती खिडकीशी उभी राहिली, गाडी हलेपर्यंत वेणीचं टोक तिच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा गुरवांकडे काही कामाला गेले होते तेव्हा मी बसले. काथ्या भरला, तार दाबली, पहिलं मुंडकं बसवलं. नवरीचं. भांड्यावर त्याचंच झाकण बसावं तसं बसलं. घासावं लागलं नाही, तासावं लागलं नाही. मी मान किंचित खाली आणि नवरदेवाच्या विरुद्ध बाजूला फिरवली आणि ती मुलगी एकदम परक्या घरात उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. मग मी थांबले नाही. वाढणारी बाई वाकल्या वाकल्या पंगतीत कोणाला तरी रागावत होती. भटजींचं लक्ष ताटाकडे होतं. दुपार होईतो फळीवर लग्न उभं राहिलं. मला या कामाचा राग आहे, पण त्या दिवशी माझ्या हातांना फार बरं वाटलं होतं. दोन भावांनी एकमेकांशी न बोलता एक लग्न लावलं होतं आणि मी मधे फक्त प्लॅस्टर भरलं होतं.

बाबा आले. छत्री मिटली. फळीकडे बघत दारातच उभे राहिले. त्यांना काही विचारावं लागलं नाही. ती नाकं कोणाची, ते त्यांना माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं.

ते जवळ आले. नवरी उचलली, डोळ्यांसमोर धरून फिरवून बघितली. क्षणभर मला वाटलं, झालं. त्यांचा चेहरा इतका मऊ झाला होता. मग ते म्हणाले, "माझ्या माणसांवर त्याची तोंडं नकोत," आणि त्यांनी तिची मान उपटली. पावसाळी दमट हवेत सांधा अजून ओला होता, सहज निघाली. मग दुसरी. मग ओळीने सगळी. मी त्यांचा हात धरला, चावले, मोठमोठ्याने ओरडले. शेजारचे दारात आले. बाबांनी मुंडकी खाली टाकून चपलेने चिरडली, भटजींचंसुद्धा. तेवढं करून ते हात धुवायला मागीलदारी गेले.

मग मी मुंडकी केली. माझ्या रागाने केली. माती घ्यायची, दात ओठ खाऊन दाबायची, भुवया जवळ आणायच्या, ओठ खाली ओढायचे. मला दुसरा चेहरा येतच नव्हता. नवरा चिडलेला, नवरी त्याहून चिडलेली, विहिणी तर एकमेकींच्या झिंज्या उपटायला निघालेल्या. सनईवाल्याने गाल फुगवले होते ते सनईसाठी की संतापाने ते सांगता आलं नसतं. मंडळाचे लोक न्यायला आले तेव्हा एक जण ओरडला, "अरे, ही तर आमची विहीण!" मग जो तो आपला नातेवाईक शोधायला लागला. देखावा असा गाजला की आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला गेले. सगळ्यांना तो विनोद वाटला. बाबा सगळ्यांना सांगत सुटले, "माझ्याच घरातलं काम हाय." आमच्या घरातलंच होतं, यात काही शंका नाही.

गौरींच्या दिवसांत बाबा मला घेऊन तो देखावा बघायला गेले. ते मंडळाच्या लोकांत कौतुक ऐकत बसले आणि मी मांडवात पुढे गेले, तर तिथे काका उभे होते. धुतलेला सदरा, काखेत छत्री. शेजारी काकू. रोह्याहून एसटी बदलत आले होते. काका वाकून एकेक माणूस बघत होते, आणि त्यांची बोटं सदऱ्याच्या टोकाशी चाळा करत होती.

"ही कुणी केली?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"मी."

"आणि माझी कुठं हायत?"

मी काकूकडे बघितलं. मला वाटलं, तिला मार बसून तिने कबूल केलं असणार. काकू म्हणाली, "लग्नाचा देखावा कानावर आला तेव्हाच त्यांनी करून ठेवली होती नि त्या दिवशी त्यांनीच काढून दिली गो. मी नुसती आणली. नवरीचं तर मनासारखं होईना म्हणून पुन्हा पुन्हा ओतलं. म्हणाले, माझं नाव सांगू नको, तो घेणार नाय."

मी काकांना जे खरं होतं ते सांगितलं. "बाबांनी उपटली. पायाखाली घातली."

काका सरळ झाले. त्यांनी माझ्या नवरीकडे एकदा बघितलं, म्हणाले, "नाक चुकलंय," आणि काकूला "चल" म्हणून मांडवाबाहेर पडले. काकू गेली. जाताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला होता, तो काकांनी मागे वळून बघितल्यावर काढून घेतला.

वडखळच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभे असताना मी बाबांना सगळं सांगितलं. मऊ शब्दांत नाही. त्यांना लागावं म्हणूनच सांगितलं. ट्रक चिखल उडवत जात होते. बाबा म्हणाले, "मग त्यानं तसं कळवायचं होतं."

आणि तरीही समेट झाला. गणपती गेल्यावर बाबांनी एक दिवस चांगली चांगली धडं निवडली, पेंढ्यात बांधली आणि जवळच्या जिते गावचा एक ओळखीचा माणूस रोह्याच्या कंपनीत शिफ्टला जायचा त्याच्याकडे दिली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आठवड्याने त्याच माणसाकडून बिस्किटांचा डबा आला. आत मुंडकी. बाबांनी एक बसवून बघितलं आणि हुंकार दिला. मी घर झाडायला घेतलं. काकूची मधली खोली, जिथे वाटणीपासून पोती पडली होती, ती सारवून काढली.

डबा आणणाऱ्याने जाताजाता सांगितलं, "काकांचा निरोप हाय. कामाचं काम राहू दे. जाणंयेणं नको. बायकांनी मधे यायचं नाय, बायकांमुळं वाढतं."

बाबा म्हणाले, "बरोबर बोलला."

मी हातातला केर तिथेच टाकला. पाटी बायकांनी रंगवली होती का, वाटणी बायकांनी केली होती का, डबा पदराखाली घालून पावसात कोण आलं होतं, मी सगळं विचारलं. बाबांनी "तू गप" एवढंच उत्तर दिलं. त्या दोघांचं भागलं होतं. याची धडं तिकडे, त्याची मुंडकी इकडे. वाटणीत आणखी कोणाचे तुकडे झालेत, हे त्यांच्या ध्यानात यायला त्यात प्लॅस्टर असायला हवं होतं.

दिवाळीला मी रोह्याला गेले. काका दारात उभे राहिले. "कामाचं काय हाय काय?" म्हणाले. नाही म्हटल्यावर दार लावून घेतलं. नंतर कळलं, त्यावरून काकूला दोन दिवस बोलणी खावी लागली. तेव्हा मी जाणं सोडलं. मग आमचं सगळं त्या डब्यातून चाले. मी पेंढ्यात धडांच्या खाली पोह्याच्या पापडांची पुडी लपवायची. तिकडून मुंडकी यायची ती काकूच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांत. मी त्या ओळखायची. ही हिरवी, ही तिने माझ्या दहावीच्या निकालाला नेसली होती. ही किरमिजी, हिच्या पदराने माझं नाक पुसायची. एकदा एका चिंधीत शिकेकाईची पूड बांधलेली निघाली. बाबा म्हणाले, "हे काय आलं यात?" मी म्हटलं, "काय माहीत."

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग एका आषाढात डबा उघडला तर मुंडकी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. सगळीच. मी एकेक कागद सोडून बघितला आणि कोणाला न विचारता स्टेशनवर गेले.

मी पोचले तेव्हा काकांच्या दारात माणसं होती आणि बायका आतून बाहेर येऊन हात धूत होत्या. काकूला सकाळीच नेली होती. कावीळ झाली होती, पंधरवडा अंथरुणात होती. कोणीतरी म्हणालं, ही कोण? कोणीतरी सांगितलं, पेणची पुतणी. आम्हाला का कळवलं नाहीत, असं मी भर दारात ओरडून विचारलं. काका ओल्या पंचाने पायरीवर बसले होते. भादरलेलं डोकं, डोळे सुजलेले. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल.

त्यांनी वर बघितलं. म्हणाले, "यंदा मुंडकी उशिरा येतील. बापाला सांग."

मी परतीच्या गाडीने घरी आले. बाबा पडवीत धडं घासत होते. मी दारातून सांगितलं, "काकू गेली." त्यांच्या हातातली कानस थांबली. ते उठले, मागीलदारी विहिरीवर गेले, डोक्यावरून आंघोळ केली. रीतीप्रमाणे. ओल्याने आत आले, देवाकडे पाठ करून बसले. बरेच खचल्यासारखे दिसले. मला वाटलं, काकूबद्दल काही विचारतील. शेवटी काय झालं, तिने तुझी आठवण काढली का, काहीही.

मी त्यांना काकांचा निरोप सांगितला.

ते म्हणाले, "किती उशिरा?"